उलटा पीळ

१

अंगठा कुत्र्याला सापडला.

तोंडात अलगद धरून, शेपटी हलवत त्याने तो घरापर्यंत आणला आणि सूनबाईच्या पायाशी ठेवला. शिकवलेलं कुत्रं ते. पडलेलं पाखरू शोधायचं आणि घरच्या माणसाला नेऊन द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. सूनबाई अशी किंचाळली की रस्त्यापलीकडची माणसं धावत आली.

अंगठ्याचा मालक तळ्याकाठच्या गवतात उताणा पडला होता. डावा हात मनगटापासून गेलेला. फुटलेल्या बंदुकीच्या नळीची एक चिरफळी हनुवटीखालून घुसून कानामागे निघाली होती. चेहऱ्याचा फोटो मला फौजदारांनी नंतर दाखवला. त्याबद्दल काही सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

लोक त्याला शिकारी म्हणत. घरात बायकोला मारायचा, बाहेर गड्यांना मारायचा आणि वेळ उरलाच तर बदकं मारायचा. तो मेला म्हणून कोणी रडलं नाही. पण कसा मेला हे लचांड मात्र माझ्या भावाच्या गळ्यात पडलं.

मी जुन्या बंदुका ओळखते. कोणी केली, केव्हा केली, कुठे दुरुस्त झाली, काय किमतीला जाईल, हे सांगायचं माझं काम. लिलाववाले बोलावतात, वारस बोलावतात, आणि खरं सांगितलं की दोघंही तोंड वाकडं करतात. धाकटा म्हणतो, ताई, तुझी जीभ फार फटकळ. धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा रांगत होता, मीच वाढवला. त्याचं बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे, आणि देवाने त्याची सगळी अक्कल बोटांत घातली आहे. डोक्यात थोडी उरवली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात शिकाऱ्याची बंदूक त्याच्याकडे आली होती, चापाची स्प्रिंग बदलायला. उशीर केला म्हणून शिकाऱ्याने भर दुकानात त्याच्या थोबाडीत मारली. धाकटा गाल चोळत म्हणाला, "एक दिवस हीच बंदूक तुमच्यावर उलटेल." गिऱ्हाइकांनी ऐकलं. जिभेला हाड नसतं, आमच्या घरात तर कोणाच्याच नाही.

शिकारी मेल्याचं कळताच त्याचा मुलगा पोलिसांच्या आधी दुकानात पोचला. त्याने धाकट्याचा उजवा हात कामाच्या टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. फिरवतच राहिला. शेजाऱ्यांनी ओढून काढेपर्यंत बोटांची हाडं ओल्या फांद्यांसारखी मोडली होती. आणि अटक कोणाला झाली? धाकट्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मी दवाखान्यात गेले. उजव्या हाताला हे एवढं बँडेज, डावा हात खाटेला बेडीने अडकवलेला.

"ताई, मी नळी आरपार पाहिली होती गं. पुसायची चिंधी नव्हती राहिली आत. आईची शपथ."

"शपथा कसल्या घेतोस, गाढवा. मला माहीत आहे."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. मीच पदराने पुसलं आणि बाहेर आले. फौजदार दाराशी उभे होते. चांगला माणूस. जुन्या बंदुकांच्या भानगडींत आम्ही आधी एकत्र काम केलं होतं.

"ताई, मुलावरही हात मोडल्याचा गुन्हा घातलाय, पण तो जामिनावर सुटला. तुमच्या भावाला उद्या कोर्टात उभा करावा लागेल. निष्काळजीपणा नव्हे, खून. धमकी दिली होती, बंदूक त्याच्याच हातून गेली होती. तुमच्याकडे काही असेल तर आज आणा."

"आज?"

"आजच."

२

फुटलेली बंदूक ठाण्यात कापडावर मांडून ठेवली होती. मी पुढे झाले तसा फौजदारांनी हात आडवा केला.

"आरोपीच्या बहिणीला पुराव्याला हात लावू देता येणार नाही."

"नका लावू देऊ. तुम्ही धरा, मी बोलते." मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. हात न लावता बंदूक पाहणं म्हणजे वास घेऊन जेवणं, पण इलाज नव्हता.

आता इथे थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. शिकाऱ्याकडे जोड बंदुका होत्या. दुनळी, एकाच कारागिराने एकाच वेळी केलेल्या, शंभरीच्या कधीच पुढे गेलेल्या, दोन्ही दस्ते एकाच झाडाच्या लाकडाचे. जुळ्या बहिणीच म्हणा. गेल्या महिन्यात सूनबाईने किंमत करायला मला बोलावलं होतं, तेव्हा मी दोन्ही खोलून पाहिल्या होत्या. फरक फक्त नळ्यांचा. जुन्या काळी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या वेणीसारख्या पिळायचे, सळईभोवती गुंडाळायचे आणि तापवून ठोकायचे, की झाली नळी. वरून हलकं तेजाब फिरवलं की तो पीळ नक्षीसारखा उठून दिसतो. फार देखणं काम! पण ती नळी जुन्या, मऊ दारूसाठी. आजचं जोरकस काडतूस तिच्यात घालणं म्हणजे मरण ओढवून घेणं. म्हणून शिकाऱ्याने एका बंदुकीच्या पिळाच्या नळ्या काढून साध्या, काळ्या, पोलादी नळ्या बसवून घेतल्या होत्या. तिला घरात 'काळी' म्हणत. ती शिकारीला न्यायची. दुसरी 'नक्षीची'. ती काचेच्या कपाटात, नुसती बघायला.

"फुटली ती काळी," फौजदार म्हणाले. "तुमच्या भावाकडे गेली होती तीच. दस्त्यावर चांदीत आकडा आहे."

"कुठे फुटली ते बघा. आत चिंधी अडकली असती तर नळी मध्येच बेडकासारखी फुगली असती. फुगलीय?"

"नाही. मागच्या टोकाला फाटलीय. काडतूस असतं तिथे."

"म्हणजे चिंधी नव्हती. बरं, आता फाटलीय कशी?"

त्यांनी तुकडा उजेडात फिरवला. कडांवर अजून रक्त वाळलेलं होतं. "गोल गोल. सफरचंदाची साल सोलतो तशी."

पोलाद फाटतं ते उभं, लांबीने. साल सोलल्यासारखी एकच नळी सुटते, पट्ट्या गुंडाळून केलेली. ठोकलेला जोड उकलत जातो.

"साहेब, दस्ता काळीचाच आहे. पण नळ्या नक्षीच्या आहेत. कोणीतरी अदलाबदल केली, यांवर काळा रंग चढवला आणि म्हाताऱ्याच्या हातात त्याचं मरण ठेवलं. जुळ्या बंदुका, एकीचं अंग दुसरीला बसतं. नळ्या काढायला एक कळ दाबावी लागते, बस."

फौजदारांनी तुकडा कापडावर परत ठेवला. "हे तुम्ही म्हणता. मला डोळ्यांनी दिसेल असं दाखवा. संध्याकाळी हे तुकडे घेऊन मी त्या घरी येतो. तोवर कपाटातल्या बंदुकीला हात लावायचा नाही."

"माणसांना लावला तर चालेल?"

ते हसले नाहीत. "जपून, ताई. त्या घरात कोणीतरी एकाचं डोकं उडवलंय."

३

दार सूनबाईने उघडलं. मला पाहून तिचा पहिला प्रश्न, "मॅडम, जोड तुटली ना आता. उरलेल्या एकीला काय किंमत येईल?"

सासऱ्याचा अंगठा अजून पोलिसांच्या बरणीत, आणि हिला किंमत हवी! मी तोंड उघडणार तोच ती भिंतीला टेकून रडायला लागली. हुंदके देत म्हणाली, "मला इथून जायचंय हो. बंदूक विकून, काहीही विकून. मी भित्री आहे, पण आंधळी नाही. सासूबाई गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्या नाहीत. वर सासऱ्यांचा आवाज चढला आणि मग धप्पकन... हे जिन्यातच उभे होते. सगळं पाहिलं यांनी. आणि पोलिसांना काय सांगितलं? आईचा पाय घसरला."

"तुझ्या नवऱ्याने आईला असं...?"

"बापाला घाबरायचे. बाप गेल्यापासून अंगात वारं शिरलंय यांच्या." तिने बाही वर केली. दंडावर निळे वळ होते. "आता हे बाप झालेत."

माझ्या डोक्यात मुलगा पक्का बसला. बाप मेला तर घर, जमीन, सत्ता सगळी त्याची. मी विचारलं, आहे कुठे तो? तिला माहीत नव्हतं. "मामांना विचारा," म्हणाली.

मामा म्हणजे शिकाऱ्याच्या बायकोचा भाऊ. घराच्या मागच्या खोलीत राहायचा, तिथेच त्याचं काम. रबरी शिक्के, लाकडी ठसे, जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने खोदलेली अक्षरं. खोलीत आंबट वास भरलेला. गोल, हसरा म्हातारा. मला पाहताच त्याने डाव्या हाताने चहा ओतला आणि सुरू झाला.

"या ताई! या शहरात एकही कागद माझ्या शिक्क्याशिवाय खरा होत नाही, आणि मी स्वतः एक नंबरचा खोटारडा. बसा."

मला त्याही दिवशी हसू आलं. टेबलावर त्याच्या बहिणीचा फोटो होता. "अक्का," तो म्हणाला. "मला अंगाखांद्यावर खेळवलंय तिने." फोटोची काच त्याने अंगठ्याने पुसली, तशी ती आधीच स्वच्छ होती.

"माझ्या भावाला उद्या खुनी ठरवतायत, मामा."

त्याचं हसू विरलं. "हो. ऐकलं. वाईट झालं." मग घाईने म्हणाला, "भाचा ना, कुत्र्यांच्या खोल्यांकडे असेल. चुकाल तुम्ही, थांबा." समोर पडलेल्या लाकडी ठोकळ्यावर त्याने पेन्सिलीने झरझर रस्ता काढून दिला. पाण्याची टाकी, तिथे डावीकडे वळण, पुढे कुंपण.

मी टाकीशी डावीकडे वळले आणि थेट उकिरड्यावर पोचले. चिखल, माश्या, मेलेला उंदीर. मामाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि परत फिरले. कुत्र्यांच्या खोल्या टाकीच्या उजवीकडे होत्या.

मुलगा फरशी घासत होता. मला पाहून त्याने झाडू टाकला.

"डाव्या हाताची बोटं राहिलीत, ती मोडायला येऊ का?"

मी विचारलं, "जिन्यात उभा होतास ना तू? आई पडली तेव्हा?"

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. त्याने माझा गळा धरला आणि मला कुंपणाच्या तारांवर दाबलं. कुत्री वेड्यासारखी भुंकत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्या पिशवीत पेचकस असतो, तो हाताला लागला आणि मी मिळेल तिथे खुपसला. त्याच्या मांडीत गेला. तो ओरडून मागे कोलमडला, मी चिखलात पडले, आणि पडल्या पडल्या मला त्याचे तळहात दिसले. कातडी करपून सोललेली होती. ते डाग तेजाबाचे होते.

४

संध्याकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. फौजदार, त्यांचा शिपाई, सूनबाई, मांडीला फडकं बांधलेला मुलगा, आणि मामा. माझ्या गळ्यावर बोटांचे ठसे उमटले होते. फौजदारांनी ते पाहिले आणि मुलाच्या बाजूला शिपाई उभा केला.

कपाटातून नक्षीची बाहेर आली. मी हात पाठीमागे ठेवूनच होते.

"साहेब, बंदूक बंद करा आणि जोडावरून दिव्याकडे बघा. नळी आणि मागचं लोखंड मिळतं तिथे. चांगल्या बंदुकीत तिथून उजेड दिसता कामा नये."

फौजदारांनी डोळा बारीक केला. "दिसतोय. केसाएवढी रेघ."

"गेल्या महिन्यात नव्हती. या नळ्या या बंदुकीच्या नव्हेत. बसल्या आहेत, पण नांदत नाहीत. अशी बंदूक उडवली तर काडतुसाची आग त्या फटीतून उडवणाऱ्याच्या तोंडावर येईल." मग मी सूनबाईला सांगितलं, "व्हिनेगर आण. आणि पॉलिशकागद."

फुटलेल्या तुकड्यावरचा काळा रंग फौजदारांनी स्वतः घासून काढला. खाली पांढरं लोखंड निघालं. त्यावर व्हिनेगरचा बोळा ठेवला. आम्ही वाट पाहत बसलो. सूनबाईचा श्वास ऐकू येत होता. बोळा उचलला तेव्हा लोखंडावर हळूहळू रेषा उमटत होत्या, बारीक, लाटांसारख्या, एकीला बिलगून दुसरी.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, साहेब. हीच नक्षीची नळी."

"मग ही कपाटातली नक्षी कुठली?"

"तीही घासा."

कपाटातल्या नळीवरची नक्षी चार हात मारताच पुसली गेली. व्हिनेगर लावलं, पुन्हा लावलं. काही उमटलं नाही. साधं पोलाद. कोणीतरी काळीच्या नळ्या उजळून त्यांवर तेजाबाने खोटी नक्षी काढली होती, कपाटातली बंदूक काळी दिसू नये म्हणून.

फौजदार मुलाकडे वळले. "हात दाखव."

"कुत्र्यांच्या फरश्या तेजाबाने धुतो मी! सगळ्यांना माहीत आहे!"

"धुतात हो," सूनबाई हळूच म्हणाली. नवऱ्याला वाचवायची तिला हौस नव्हती, म्हणून मला ते खरं वाटलं.

आणि तेव्हा मला बंदुकीत काहीतरी खटकलं. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी होत्या, नक्षी दिसणारी बाजू वर. जुन्या नळीत डाव्या अंगाला, मागच्या टोकाजवळ, पिळात एक चूक होती. ठोकताना कारागिराचा हात घसरला असेल, रेषांत एक आकडा पडला होता, गळासारखा. गेल्या महिन्यात मी तो पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, बाबा, तूही माणूसच. खोट्या नक्षीतही तो गळ होता, हुबेहूब. नक्कल करणाऱ्याने कागद ठेवून रेष न् रेष उतरवली होती. फक्त खरा गळ उजवीकडे वळत होता, आणि खोटा डावीकडे. सगळी नक्षीच उलटी होती, आरशात पाहावी तशी.

नक्षी कागदावर उतरवली की तो कागद आहे तसा नळीवर ठेवून गिरवायचा. लहान पोरही तेच करेल. कागद पालथा घालायची गरज कोणाला वाटेल?

मला उकिरडा आठवला.

५

"मामा," मी म्हटलं, "सकाळी तुम्ही मला उकिरड्यावर पाठवलंत."

तो चहाचे कप गोळा करत होता. थांबला.

"टाकीशी डावीकडे म्हणून काढून दिलंत. खोल्या उजवीकडे आहेत. इतकी वर्षं राहता इथे, रस्ता चुकणार नाही तुम्ही. पण ठोकळ्यावर काढलात ना? ठोकळा हातात आला की तुमचा हात सगळं उलटं काढतो. शिक्का उलटा कोरायचा, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. जन्मभर तेच केलंत. या नळीवर नक्षी उतरवताना काय केलंत? कागदावर गिरवलीत, आणि सवयीने कागद पालथा घातलात. इथे छापायचं काहीच नव्हतं, मामा. जे काढलंत तेच राहणार होतं."

मामा खोट्या नळीकडे वाकून पाहत राहिला, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्याला खुनापेक्षा कामातल्या चुकीची लाज जास्त वाटली.

"उलटं झालं होय," तो पुटपुटला. "तरी म्हटलं, हातावेगळं झालं तरी मनाला का टोचतंय."

"मामा, बोलू नका," फौजदार म्हणाले. "वकील..."

"कशाला वकील? नळ्या मी बदलल्या. अक्का दर वेळी डॉक्टरला सांगायची, पाय घसरला. दात पडला, पाय घसरला. बरगडी मोडली, पाय घसरला. मी मागच्या खोलीत शिक्के कोरत बसायचो. त्याच्याच घरात राहायचो ना, त्याचंच अन्न. शेवटी ती खरंच घसरली, तेव्हा मी वर धावलो तर तिची मान अशी..." त्याने हाताने दाखवलं. सूनबाईने तोंड फिरवलं.

मला त्याची कीव आली, खोटं का सांगू. आणि त्याच कीवेतून राग उसळला, इतका की माझा आवाज फाटला.

"आणि माझा भाऊ? त्याने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"जुनी बंदूक, म्हातारा माणूस. अपघात म्हणतील वाटलं. तुझ्या भावाचं नाव येईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं, ताई."

"आलं तेव्हा?"

त्याने मान खाली घातली. "तेव्हा गप्प बसलो."

मी आणखी काही बोलणार तोच तो वळला. इतका जाडजूड माणूस एवढा चपळ असेल असं कोणाला वाटलं असतं? टेबलावरची बंदूक त्याने उचलली, खिशात आधीच ठेवलेलं काडतूस काढून आत सारलं आणि खटकन बंद केली. नळी मुलाच्या छातीवर रोखली होती.

"हा जिन्यात उभा होता," मामा म्हणाला. "माझ्या अक्काने याला नऊ महिने वाढवलं, आणि हा नुसता उभा होता."

मुलगा खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आला. "मामा... मामा, मी घाबरलो होतो हो..."

"मीही घाबरलो होतो. तेच तर म्हणतोय."

"मामा, उडवू नका!" मी ओरडले. "फट आहे! आग मागे येईल, डोळे जातील तुमचे!"

त्याला वाटलं मी थाप मारतेय. शिपायाने झेप घेतली, नळी खाली दबली, आणि बार झाला.

खोली धुराने आणि किंकाळ्यांनी भरली. मुलाचा गुडघा जागेवर नव्हता. पाय कातडीला लोंबत होता, रक्त दारापर्यंत उडालं होतं. आणि मामा भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात डोळ्यांवर, बोटांमधून रक्त आणि काळं काहीतरी ओघळत होतं. तो ओरडत नव्हता. नुसता म्हणत होता, "अक्का, दिसत नाही गं. अक्का."

त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. का घेतलं ते मला विचारू नका.

६

धाकटा सुटला. बेडी काढली तेव्हा शिपायाने त्याची माफी मागितली, हे विशेष. पण उजव्या हाताची बोटं राहिली ती वाकडीच. डॉक्टरांनी खूप केलं. पेला धरता येतो, कानस धरता येत नाही. दुकान बंद करून तो घरी बसायला लागला आणि बोलेनासा झाला. मला तो अबोला त्या शिकंज्याहून वाईट वाटायचा.

मुलाचा पाय कापावा लागला. सूनबाई माहेरी निघून गेली. जाताना तिने फोन केला. "मॅडम, त्या बंदुकीची..."

"बाई, कोर्टाने ठेवून घेतलीय. आणि किंमत म्हणशील तर तिची किंमत त्या घराने चुकवलीय. तू जा, सुखी राहा."

मग एक दिवस मी कैद्यांच्या दवाखान्यात गेले. मामाला शिव्या द्यायला गेले होते, आणि दिल्याही. मन भरेपर्यंत दिल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेला तो म्हातारा खाटेवर बसून सगळ्या ऐकत होता. मी थकल्यावर त्याने विचारलं,

"हात कसा आहे त्याचा?"

"उजवा गेला कामातून."

त्याच्या पट्टीखालून पाणी आलं. मग म्हणाला, "माझ्या खोलीत, टेबलाच्या खणात माझी कोरायची हत्यारं आहेत. त्याला दे."

"तुमची भीक नको आम्हाला."

"भीक नाही गं. मी डावरा आहे. त्या मुठी मी माझ्या डाव्या हाताला घडवल्यात, धार डाव्या हाताला लावलीय. उजव्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही." आणि मग, अगदी हळू, "मलाही नाही आता."

मी पाय आपटत बाहेर पडले. आणली नाहीत. पुढच्या आठवड्यात जाऊन आणली.

धाकट्याच्या पुढ्यात गाठोडं टाकलं आणि कोणाची आहेत ते स्पष्ट सांगितलं. लपवायची सवय मला नाही. वाटलं, फेकून देईल माझ्या अंगावर. त्याने गाठ सोडली. मग डाव्या हाताने एक उचललं. मूठ घामाने काळी पडलेली, अंगठ्याशी खोलगट झिजलेली. त्याने लाकडाच्या तुकड्यावर टोक टेकवलं आणि ढकललं. रेघ वाकडी गेली. त्याने पुन्हा ढकललं.

"ताई," कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तो आपणहून बोलला, "हे बसतंय गं माझ्या हातात."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. मामाला अजून मी माफ केलेलं नाही. पण हत्यारांना धार लावायचा दगड मीच विकत आणून दिला.